कवाड गेलं होळीत

"तुझ्यात दम असंल तर तुपल्याच घराचं कवाड आणून दाखव बे," युवराज म्हणला, आन् म्या गाढवानं "आणलं समज" म्हणून टाकलं.

आता तुमी म्हणताल, होळीला लाकडं चोरायची तर कुणाच्याबी गोठ्यातून चोरावी, मपलंच घर कावून? पण आमच्या चकलांब्यात होळीचे कायदे लई कडक हायेत. पहिला कायदा, दुसऱ्याचं चोरण्यात मोठेपणा न्हाई, ते तर दुसरीतलं पोरगंबी चोरतं. (आमी एकदा बबनरावाची बाज पळवलती. म्हातारा बाजंवरच व्हता. अर्ध्या रस्त्यात जागा झाला, मग उतरून घरी गेला.) दुसरा कायदा, होळीवर चढलेली वस्तू वापस मागायची न्हाई. आन् होळीत कुणाचं काय जळालं, हे मेलं तरी सांगायचं न्हाई.

तसं आमचं घर बंदच व्हतं. मपला बाप रामेश्वर, गेवराईत ॲपे चालवतो, स्टँड ते गढी. म्हणून आमी समदे गेवराईला खोली करून ऱ्हातो आन् गावातल्या घराला कुलूप. पण आधार कारड, राशन कारड, समदं अजून चकलांब्याच्याच पत्त्यावर. कुणी म्हणलं, "रामेश्वर, पत्ता बदलून घे," तर बाप म्हणतो, "पत्ता बदलला का मतदान गेलं. मतदान गेलं का गावात कुत्रं इचारत न्हाई." (आत्ताबी कुत्रंच इचारतंय. माणसं न्हाई.)

होळीला मी एकटाच गावात गेलतो. दिवस मावळायच्या टायमाला मी, युवराज आन् सत्यम घरापशी गेलो. कवाड जुनं, खालून वाळवीनं खाल्लेलं, एकाच बिजागरीवर जीव धरून व्हतं. तिघांनी हिसका दिला तसं निघालं. कुलूप बिचारं कडीसंगं चौकटीला तसंच लटकत ऱ्हायलं, इमानदार.

"आद्या, ह्याच्यावर कागद डकवलाय बे," सत्यम म्हणला. "शिक्काबी हाय."

"वाच की मग," युवराज म्हणला, "तू तर तालुक्याच्या शाळंतला."

मी कागदाफुडं उभा ऱ्हायलो. गावातली मोठी माणसं कागद बघतात तसा बघितला. आदी वरून, मग खालून, मग शिक्क्यावर बोट फिरवलं आन् मान हलवली.

"घरपट्टी," म्या म्हणलं. "थकलीया. नोटीस हाय."

"मग जाळच. बापाचे पैशे वाचतील."

मग काय! कवाडाच्या फळ्या केल्या, डोक्यावर घेतल्या, होळीवर चढवल्या. लई भारी पेटलं. समद्यात मोठी बोंब म्याच मारली. दुसऱ्या दिवशी घर उघडं दिसू नये म्हणून शेजारच्या आप्पाच्या गोठ्यामागं पडलेला पत्रा आणला आन् चौकटीला तारंनं बांधला. (ह्याला चोरी म्हणत न्हाईत. दुरुस्ती म्हणतात.)

तिथून चार महिने मजेत गेले. मग एक दिवस सकाळी गेवराईच्या खोलीफुडं एक माणूस येऊन उभा ऱ्हायला. काखंत फायल. बाप ॲपेच्या खाली आडवा पडून काहीतरी पिळत व्हता. नुसते पायच दिसत व्हते.

"रामेश्वर तात्याबा कोण?" माणसानं पायाला इचारलं.

"मीच. गढीला जायचं का? धा मिन्टं थांबा."

"गढीला न्हाई. मी कोर्टाचा बेलिफ हाय. ह्यो ॲपे जप्त करायचा हुकूम हाय."

बाप असा दचकून उठला का डोकं खालच्या लोखंडाला धाडकन आपटलं. मपली आई बबिता, पिठाच्या हातानं बाहीर आली.

"हुकूम? ह्या घरात मी सोडून कुणाचा हुकूम चालाय लागला?"

"बाई, राधाकिशन शेठनं दावा लावलाय. डीजेचे पैशे. तुमचे मालक जामीन व्हते. निकाल लागला, पैशे भरा न्हाईतर गाडी द्या."

आई बापाकडं वळली. बाप डोकं चोळत जमिनीकडं बघाय लागला.

गोष्ट अशी, का मपला मामा रामप्रसाद, त्यानं शेठच्या दुकानातून उधारीवर डीजेचे बॉक्स घेतले. भाच्याचा बाप म्हणून मपल्या बापानं जामीन म्हणून सही ठोकली. मामानं एक बारात वाजवली, दुसऱ्या बारातीत नवरदेवाचा घोडा बिथरून नवरदेवासगट पांदीत गेला, तव्हापासून मामाला कुणी बोलावलं न्हाई. मामानं बॉक्स शेठला वापस नेऊन टाकले आन् सोता पुण्याला डायव्हर म्हणून गेला. शेठनं बॉक्सबी ठिवून घेतले आन् दावाबी लावला.

"अवो पण माल त्याच्याच दुकानात हाय!" बाप वरडला. "मला कुणी इचारलं का न्हाई?"

"इचारलं की. चकलांब्याच्या पत्त्यावर रजिस्टर धाडलं, घर बंद म्हणून वापस आलं. मग मी सोता जाऊन कवाडावर नोटीस डकवली. होळीच्या आदी. पंच म्हणून आप्पाचा अंगठा हाय." बेलिफानं फायल उघडून दाखवली. "तारखेला तुमी आला न्हाईत. मग निकाल एकतर्फी लागला. ॲपे कुठं उभा ऱ्हातो, ते शेठनं दाखवलं."

घरपट्टी! मी दात घासाय म्हणून मोरीत गेलो आन् लई येळ दातच घासत ऱ्हायलो.

बाहीर आई बेलिफाला म्हणत व्हती, "न्या मग ॲपे. पण एक करा, ह्यास्नीबी संगं न्या. सही करायची खोड हाय ह्यांना, तुमच्या कोर्टात बसून करतील दिवसभर."

बेलिफ भला माणूस. म्हणला, वकील गाठा, मी दोन दिवस थांबतो.

वकील गाठले अमरसिंह. कोर्टाबाहीर लिंबाखाली टेबल टाकून बसतात. त्यांनी समदं ऐकलं, पेन कानाला लावला आन् म्हणले, "निकाल रद्द करून घेता येतो. मग शेठनं माल वापस घेतला, हे तुमाला कोर्टात सांगता येतं. पण आदी एक पटवावं लागंल, का नोटीस तुमाला कळलीच न्हाई. तवर ॲपे दारात उभा ठिवा. हलवायचा न्हाई, विकायचा न्हाई."

ॲपे दारात उभा ऱ्हायला आन् घरातलं पीठ कमी व्हाय लागलं. बाप रोज सकाळी उठून ॲपे पुसायचा. काचा, आरसे, सीटा, समदं. मग चावी हातात घेऊन डायव्हरच्या सीटावर बसायचा. चालू करायचा न्हाई. नुसता बसायचा, जसा काय गढीचं शिट भरायची वाट बघतोय. एकदा शेजारची म्हातारी चुकून माघं येऊन बसली. बापानं तिला उतर म्हणलं न्हाई. दोघं बसले अर्धा तास. म्हातारी उतरताना धा रुपये द्याय लागली, तर बाप म्हणला, "ऱ्हाऊ द्या मावशी, कुठं गेलोय आपून."

ते बघून मला जेवण जाईना. (म्हंजे दोन भाकरी कमी जात व्हत्या. अन्नाला तरी खोटं कशाला बोलावं.) सांगावं म्हणलं, तर तोंड उघडलं का जांभई यायची.

मग वकिलानं सांगितलं, कवाडाचा फोटो आणा, बघू नोटीस खरंच डकवलीय का. बाप मला घेऊन चकलांब्याला गेला. घराफुडं उभा ऱ्हायला आन् बघतच ऱ्हायला. कवाडाच्या जागी पत्रा.

तेवढ्यात शेळ्या घेऊन आप्पा आला.

"आप्पा, मपलं कवाड कुठाय?"

"आदी मपला पत्रा सोड!" आप्पा म्हणला. "चार महिन्यांपासून तुपलीच वाट बघतोय."

"तुपला पत्रा मी कशाला घिऊ?"

"मग चौकटीला काय तुपल्या सासऱ्यानं बांधला?"

"म्हंजे तू कवाड नेलंस आन् बदल्यात पत्रा दिलास!"

"कवाड नेऊन मी काय करू बे? शेळ्या काय आतून कडी लावतेत?"

"मग नोटीस डकवल्यावर फोन तरी करायचा मला! अंगठा तूच दिलता ना?"

"तू फोन लंबर बदललास आन् पत्ता तसाच ठिवलास. कुठं करू फोन, पत्त्यावर?"

दोघं हातघाईवर आले. आप्पाची बायको बायनाबाई मधी पडली. दोघांना दोन बाजूला ढकलून तिनं मपल्याकडं बघितलं.

"आद्या, तू कावून घामाघूम झालास रं?"

"ऊन लई हाय, काकू."

"आभाळ आलंय की."

बायनाबाई लई येळ मपल्याकडं बघत ऱ्हायली. पण तीबी गावचीच, होळीचा कायदा तिलाबी ठाव. जाताना नुसतं म्हणली, "बापाकडं बघ रं लेकरा. वाळून गेलाय."

तारखेला आमी समदे कोर्टात. बाप, आई, आठवीत पहिली येणारी मपली बहीण संस्कृती आन् मजा बघाय म्हणून आलेले युवराज आन् सत्यम. वर जज म्याडम.

वकिलानं पत्र्याचा फोटो दाखवला तसा शेठचा वकील उठलाच. "म्याडम, हा माणूस किती चतुर आहे बघा! नोटीस वाचली आणि पुरावा मिटवायला स्वतःच्या घराचं दार काढून टाकलं! कोर्टाची फसवणूक आहे ही!"

"तुम्ही दार काढलंत का?" म्याडमनी बापाला इचारलं.

"न्हाई म्याडम. लेकराची आण."

लेकरू म्हंजे मी. आण मपलीच घेतली. मला एकदम वाटलं, खोटी निघाली तर मी जागच्या जागी मरतो का काय. मी उभाच ऱ्हायलो.

"म्याडम, कवाड म्या जाळलं! होळीत!"

युवराजनं कपाळाला हात लावला. चार पिढ्यांचा कायदा मोडला मी.

मला पिंजऱ्यात उभं केलं. नाव इचारलं, सांगितलं. शिक्षण इचारलं, "दहावी" म्हणलं. (म्हंजे दहावीला बसलो. उठलो न्हाई अजून.) समदं सांगितलं, पैज, बिजागरी, आप्पाचा पत्रा. लोकं हसले. मला वाटलं सुटलो, एवढं काय अवघड न्हवतं.

मग शेठचा वकील जवळ आला. लई गोड बोलला.

"बाळा, दारावर कागद होता. तू तो वाचलास?"

फुडं संस्कृती बसलेली. माघं युवराज आन् सत्यम.

"वाचला की," म्या म्हणलं.

"वाचलास. छान. मग पहिल्याच ओळीत कोर्टाचं नाव आहे, खाली वडिलांचं नाव आहे. वाचलास तर घरी सांगितलंच असशील!" तो म्याडमकडं वळला. "म्हणजे घरात माहिती होती, म्याडम. मुलाला पुढं करून बाप सुटायला बघतोय."

"न्हाई, न्हाई! घरपट्टी व्हती!"

"घरपट्टी हा शब्द कागदावर कुठेच नाही. मग एक तर तू वाचला नाहीस किंवा खोटं बोलतोयस. कोणतं?"

म्या बापाकडं बघितलं. बापाच्या मुठीत ॲपेची चावी व्हती. त्यानं ती खिशात घातली. हळूच, कायमची ठिवल्यासारखी.

"बाळ," म्याडम म्हणल्या, "घाबरू नकोस. खरं काय ते सांग."

कवाड जाळलं म्हणणं सोपं व्हतं बगा. त्याला दम लागतो, आन् दम आपल्याकडं हाय. हे दुसरं तोंडातून निघंना.

"वाचला न्हाई म्याडम," म्या म्हणलं. "वाचता येत न्हाई मला. म्हंजे मोबाइलवरलं कळतं, बटन दाबलं का ते सोता बोलतं. कागद बोलत न्हाई. पोरं हसतील म्हणून घरपट्टी म्हणलो."

कुणी हसलं न्हाई. ते जास्तच वाईट वाटलं.

"शिकवून आणलेली साक्ष आहे, म्याडम!" शेठचा वकील म्हणला. "दहावीपर्यंत गेलेल्या मुलाला वाचता येत नाही, कोण विश्वास ठेवेल?"

म्याडमनी फायलीतून नोटिशीची नक्कल काढून मपल्या हातात दिली. "वाच."

म्या बोट ठिवलं. "प... प्र... ती... प्रती..." वर पंखा कुरकुर करत व्हता. संस्कृतीचे ओठ हलत व्हते, ती तिथूनच मला सांगाय बघत व्हती. "वा... वाद... वादळ..."

"पुरे," म्याडम म्हणल्या.

"पुरे कावून म्याडम?" माघून आई उठली. "फुडं वाचू द्या की! धा वर्सं ह्याचं दप्तर धुतलं, आत काय व्हतं ते मला बी कळू द्या!"

आता मातर समदं कोर्ट हसलं. म्याडमबी हसल्या, मग चष्मा नीट करून टायपिस्टाला सांगाय लागल्या. एकतर्फी निकाल रद्द. जप्ती रद्द. रामेश्वरचं म्हणणं पुन्हा ऐकलं जाईल. बाप खाली बसला, आन् चावी काढून परत मुठीत धरली.

बाहीर आल्यावर मला वाटलं आता चपला बसणार. बाप नुसता मपल्या डोक्यावर हात ठिवून उभा ऱ्हायला. मग म्हणला, "आण खोटी निघाली न्हाई." एवढंच. (चपला आईनं घरी गेल्यावर मारल्या. बाप ॲपे चालू करस्तोर.)

फुडल्या आठवड्यात वकिलानं हुकमाची नक्कल दिली. तिच्यात एका ओळीला त्यांनी पेनानं खूण केलीय आन् त्या ओळीत मपलं पुरं नाव हाय. दहावीचं सर्टिफिकेट काय मला अजून मिळालं न्हाई. पण आदिनाथ रामेश्वर ह्याला वाचता येत नाही याबद्दल कोर्टाची पूर्ण खात्री झालेली आहे, असं शिक्क्याचं सर्टिफिकेट हाय मपल्यापशी.

म्हंजे तसं लिवलंय म्हणं त्यात. संस्कृतीनं वाचून दाखवलं.