अनंतभाऊंचा स्टार्टर

दिवेआगरला अनंतभाऊ आपल्याच वाडीत डोक्यावर घमेलं पालथं घालून फिरत. वरून नारळ पडेल, ही भीती. त्यांची बायको, दुर्गावहिनी, पदर तोंडाला लावून हसे. भाऊ म्हणत, "हसा, हसा. घात व्हायला वेळ लागत नाही!" समुद्रावर गेले तर परतताना उलटे चालत. त्याच्याकडे पाठ करायची त्यांची छाती होत नसे.

मी तेव्हा गावच्या शाळेत नवा मास्तर होतो आणि त्यांच्या शेजारीच बिऱ्हाड केलं होतं. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. मुंबईची नोकरी सोडून भाऊ गावी आले ते एक जुनी मोटार घेऊनच. एवढ्या भित्र्या माणसाला मोटार कशाला हवी, हे कुणालाच कळेना. बरं, तिच्यातून ते कुठे जातही नसत. रोज सकाळी समोरचं बटण ओढायचे, इंजिन सुरू झालं की डोळे मिटून ऐकायचे आणि बंद करायचे. झालं.

एके दिवशी बटण ओढलं तर नुसतंच 'कट्'. पुन्हा ओढलं, पुन्हा 'कट्'. भाऊंचा चेहरा पांढराफटक पडला.

"मास्तर, स्टार्टर गेला!"

"मग हँडल मारून बघू की."

"आणि हँडल उलटं फिरलं तर? मनगट मोडतं. तुमचं मोडेल, पण बघणार मीच ना!"

मुंबईच्या भाच्याने दुसरा स्टार्टर गोणपाटात गुंडाळून एसटीने पाठवला. पण माणगावच्या मेकॅनिकला सवड नव्हती. भाऊंना थांबवेना. ते स्वतःच कामाला लागले.

मला वाटलं, गंमत होईल. पण घाबरलेल्या माणसाजवळ उभं राहिलं की भीती आपल्यालाही चिकटते. बॅटरीची तार सोडवताना त्यांनी मला पार पडवीत पिटाळलं. गाडी घरंगळू नये म्हणून चाकांना दगड लावले, वर ती गिअरमध्येही घातली. मग पाना घेऊन खाली शिरले.

"मास्तर, काहीतरी बोलत राहा. तुमचा आवाज थांबला की मला भलतंसलतं वाटतं."

मी मोठ्याने पावकी-निमकीचे पाढे म्हणायला लागलो. गाडीखालून त्यांचे दोन पाय तेवढे बाहेर दिसत होते. खालचा बोल्ट गंजून बसला होता. पाना सटकला की आतून "आई गं!" येई आणि माझी पावकी चुके. निमकी संपता संपता एकदाचा जुना स्टार्टर निघाला, नवा बसला. भाऊ घामाने निथळत बाहेर आले. त्यांनी तार जोडली, दगड काढले आणि वहिनींना स्टिअरिंगशी बसवलं.

"अगो, मी सांगेपर्यंत बटण सोडू नकोस हां!"

वहिनींनी बटण ओढलं आणि मोटार उसळून पुढे निघाली. ती गिअरमध्येच राहिली होती! समोर विहीर, तिला कठडा जेमतेम गुडघाभर. भाऊ "सोड! सोड!" ओरडत होते, पण इंजिनाच्या आवाजात ऐकू जाईना. वहिनींचे डोळे भीतीने विस्फारलेले, बटण मात्र घट्ट धरलेलं.

भाऊ धावले. मोटारीच्या पायरीवर उडी मारून कमरेपर्यंत खिडकीत घुसले, बायकोचा हात ओढून काढला आणि चावी फिरवली. मोटार कठड्यावर आदळून थांबली. त्यातला एक दगडी चिरा सुटला. तो खाली पाण्यात पडल्याचा आवाज आला.

वहिनी उतरल्या त्या छातीला हात लावूनच. श्वास घेताना बारीक शिटी वाजत होती. "हळू. हळू घे," भाऊ त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. शिटी थांबली, तसे ते माझ्याकडे आले.

"हिला दमा आहे, मास्तर. कुणाला सांगू नका म्हणते. मुंबईत एकदा मी टॅक्सीसाठी रस्त्यात उभा आणि वर खोलीत ही एकटी. टॅक्सी येईचना. इथे तर डॉक्टर बोर्लीला. म्हणून ही मोटार ठेवलीय. मुंबईतलं ते डोळ्यांसमोरून जात नाही हो. मग मी दुसऱ्या कशाला तरी घाबरत बसतो. तेवढंच जरा विसरायला होतं."

त्यांनी गाडी मागे घेतली. "चल, बोर्लीला डॉक्टरला दाखवून येऊ."

"मला काही झालेलं नाही," वहिनी म्हणाल्या.

"नसू दे."

गावाने भाऊंना मोटारीतून कुठेतरी जाताना प्रथमच पाहिलं. उजवा हात स्टिअरिंगवर होता, डाव्याने शेजारी बसलेल्या वहिनींचं मनगट धरलं होतं. पहिल्या गिअरमध्येच इंजिन घरघरत निघालं. मी बरोबरीने चालत होतो.

"अहो, गिअर बदला की!" वहिनी म्हणाल्या.

"नको," भाऊ म्हणाले. "हात सोडावा लागेल."