साजूक तुपातला फ्रॉक

"शिवण हे हातांचं काम नव्हेच, लतिका! ते डोक्याचं काम आहे. हात काय, माकडालाही असतात!"

जूचंद्रच्या सोसायटीतल्या दुसऱ्या मजल्यावर श्रीरंगराव म्हात्रे हे बोलले, तेव्हा लतिकाबाई कुणाच्या तरी साडीला फॉल लावत होत्या. गेली सत्तावीस वर्षं त्या हेच करत होत्या. फॉल, ब्लाउज, मुलींचे फ्रॉक. टोमणा कळला, पण तोंडात दोरा होता.

श्रीरंगराव विमा कंपनीतून निवृत्त झाले आणि मुलीनं, अनुष्कानं, त्यांना एक टॅब दिला. त्यात एका ऑनलाइन लायब्ररीचं ॲपही घालून दिलं. घरबसल्या देशोदेशीची मासिकं, पुस्तकं! बाबा आरोग्याचं काहीतरी वाचतील, अशी बिचारीची कल्पना. बाबांच्या बोटाखाली पहिल्यांदा आलं ते शिवणाचं मासिक, आणि माणूस त्यात असा रुतला, जशी चिखलात रिक्षा! आठ महिन्यांत एकशे दहा मासिकं आणि एकोणीस ई-पुस्तकं वाचून झाली. स्वतः शिवलेली वस्तू मात्र एकच. टॅबची पिशवी. ती त्यांनी टॅब आत ठेवून चारही बाजूंनी शिवली होती. लतिकाबाईंनी उसवून टॅब बाहेर काढला, तेव्हा "बघ, टाका किती पक्का!" असं श्रीरंगरावांनी म्हणून घेतलं ते निराळंच.

अशात एका सकाळी समोरच्या फ्लॅटमधली रिटा आली. हातात मोठी पिशवी, पिशवीत तिच्या लग्नाचा पांढरा सॅटिनचा गाऊन.

"लतिका आंटी, आमच्या टिफनीचा पहिला कम्युनियन आहे ना चर्चमध्ये, पुढच्या महिन्यात. माझ्या गाऊनचाच फ्रॉक शिवून द्याल तिला? मम्मीनं घेतलेला हा. आता मम्मी पण नाही."

लतिकाबाईंनी हात पुढे केला. त्याच्या आधी श्रीरंगरावांचा पोचला.

"रिटा, हिच्याकडे कशाला? ही आपली अंदाजपंचे शिवते. मी शास्त्रीय पद्धतीनं शिवतो!"

"अंकल, तुम्ही?"

"एकशे दहा मासिकं वाचलीत!"

रिटानं लतिकाबाईंकडे पाहिलं. लतिकाबाईंनी छताकडे. वयाचा मान म्हणून रिटा बिचारी "बरं" म्हणाली आणि गेली.

श्रीरंगरावांनी लगेच समारंभाच्या फ्रॉकवरचं एक ई-पुस्तक काढलं. मुदत चौदा दिवस. पुस्तक इंग्रजी, पण टॅबवर भाषांतराचं बटण होतं. दाबलं की क्षणात मराठी! पहिले अकरा दिवस त्यांनी लेसचा इतिहास वाचला. बाराव्या दिवशी कात्री हातात घेतली आणि गाऊनचा मागचा लोळणारा घोळ "अनावश्यक!" म्हणून कापून मशीनवर झाकण म्हणून टाकला.

"हं! 'कापड पूर्वग्रहावर कापा.' वा! काय खोल विचार आहे!"

"अहो, पूर्वग्रहावर म्हणजे?" लतिकाबाईंना राहवेना. "उरेब म्हणायचं असेल. तिरकं."

"तुला इंग्रजी किती येतं? पूर्वग्रह म्हणजे पूर्वग्रह. माझा एकच आहे, बायकांना मापं घेता येत नाहीत. तो मनात ठेवून कापतो!"

कापलं. मग 'कमरेवर दोन बाण मारा' असं आलं. टिफनीची आजी वर बसून बघत असेल तर तिनं डोळे मिटले असतील, कारण श्रीरंगरावांनी बॉलपेननं शुभ्र सॅटिनवर दोन बाण काढले. टोकांसकट!

"अहो, टक्स! टक्स घाला म्हणतायत ते!"

"मध्ये बोलू नकोस. आता 'दोन्ही उजव्या बाजू एकत्र ठेवा.' ही माझी उजवी, ही..."

"कापडाला कुठली आलीय उजवी-डावी? उलट आणि सुलट असते!"

"तुझ्या कापडाला असेल!"

झालं! फ्रॉकचा पुढचा भाग झळाळता, मागचा निस्तेज. आणि त्यापुढे ओळ आली : 'शिवण्यापूर्वी कडांवर तूप सोडत राहा.'

श्रीरंगराव क्षणभर थबकले. पण एकशे दहा मासिकांचा माणूस! "परदेशी तंत्र आहे. दोरा सरकत असेल त्यानं," म्हणून ते स्वयंपाकघरात गेले आणि साजूक तुपाचा डबा घेऊन आले. चमच्यानं, सावकाश, थालीपीठाला सोडावं तसं त्यांनी फ्रॉकच्या कडेकडेनं तूप सोडलं.

इंग्रजीत कच्च्या टाक्याला आणि भाजताना तूप सोडण्याला एकच शब्द, 'बेस्टिंग'; टॅबनं त्यातला स्वयंपाकघरातला अर्थ उचलला होता. लतिकाबाईंना कच्चा टाका ठाऊक होता. पण कच्च्या टाक्याला कुठल्या मुलखात तूप लागतं, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

पंधराव्या दिवशी सकाळी बाह्या करायला बसले, तर पुस्तक गायब! त्यांनी लायब्ररीला फोन लावला.

"माझं पुस्तक कुणी नेलं?"

"सर, मुदत संपली. ते आपोआप परत जातं."

"मग आपोआप परत बोलवा! माझ्या बाह्या राहिल्यात!"

"आता वेटिंगमध्ये पाच जण आहेत, सर. तुम्ही सहावे."

"कुठे आहे रांग? मी येऊन उभा राहतो!"

फोन बंद झाला. बाह्या त्यांनी आठवणीवर कापल्या. दोन्ही डाव्या निघाल्या.

दुपारी रिटाचा नवरा क्लिफर्ड डोकावला. "अंकल, लाडू वळताय काय? काय वास सुटलाय!" त्याच्या मागोमाग रिटा आणि टिफनी. माप बघायला आल्या होत्या. श्रीरंगरावांनी टॅब छातीशी धरला आणि खुर्चीवरच्या वस्तूकडे बोट दाखवलं. काळ्या मुंग्यांची एक शिस्तीतली रांग गळ्यातून शिरून डाव्या बाहीतून बाहेर पडत होती. दुसऱ्या डाव्या बाहीतून परत येत होती.

"मम्मी, यात आधीच कोणतरी आहे," टिफनी म्हणाली.

रिटानं त्या निळ्या बाणावरून बोट फिरवलं आणि तिचे डोळे भरून आले. "माझ्या मम्मीनं..." एवढंच म्हणाली.

श्रीरंगरावांनी टॅबकडे पाहिलं. एकशे दहा मासिकांत यावर एक ओळ नव्हती.

"भाषांतर सदोष होतं," ते पुटपुटले.

"तुम्ही गप्प बसा!" लतिकाबाई म्हणाल्या. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. "घोळ कुठाय गाऊनचा?"

"मशीनवर. झाकण म्हणून."

लतिकाबाईंनी तो उचलला, उजेडात धरला. तीन वार स्वच्छ, अखंड सॅटिन! रिटाच्या पाठीवर हात फिरवून त्या म्हणाल्या, "रडू नको. तुझ्या मम्मीनं कापड चांगलं सढळ हातानं घेतलं होतं, पुष्कळ उरलंय. टिफनी, इकडे ये बाळा, हात वर कर."

दोन दुपारी मशीन चाललं. श्रीरंगरावांना एकच काम होतं, मुंग्या झटकणं. तेही लक्ष देऊन करा, असं दोनदा सांगावं लागलं.

कम्युनियनच्या दिवशी टिफनी चर्चमध्ये अशी दिसत होती, की फादरसुद्धा हसून थांबले. बाहेर आयाबायांनी रिटाला गराडा घातला. "कुणी शिवला गं?"

"लतिका आंटीनं!"

"मार्गदर्शन माझं होतं," मागून आवाज आला. कुणी वळून पाहिलं नाही.

पण जगात न्याय नावाची गोष्ट नसतेच! महिन्याभरानं लायब्ररीचा फोन आला. शिवण विभागात सर्वाधिक वाचन श्रीरंगरावांचं होतं. वसईच्या वाचक मेळाव्यात त्यांनी 'वाचनातून शिवणकला' या विषयावर बोलावं, अशी विनंती! श्रीरंगरावांनी ती लगेच मान्य केली.

कार्यक्रमाच्या दिवशी नेमकं निघताना झब्ब्याचं छातीवरचं बटण तुटून कोचाखाली गेलं.

"लतिका, अगं, तेवढं बटण..."

लतिकाबाई टिफनीच्या तीन मैत्रिणींच्या फ्रॉकची मापं घेत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "डोक्यानं लावा," म्हणाल्या.

श्रीरंगराव तसेच गेले. पाऊण तास उजवा हात छातीवर घट्ट धरून बोलले. श्रोते भारावून गेले. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले आणि शेजारणीला म्हणाल्या, "किती काळजातून बोलतात हो!"