जपून ठेवलेला नकाशा

न्हाणीघराकडे जाणारा पाइप भिंतीत कुठेतरी फुटला आणि खालच्या भाडेकरूच्या पलंगावर पाणी टपकू लागलं, तरी नकाशेकाका मुळीच घाबरले नाहीत. जन्मभर लोकांच्या घरांचे नकाशे काढलेला माणूस. स्वतःच्या घरातला पाइप न् पाइप त्यांनी कॉम्प्युटरवर आखून जपून ठेवला होता. कागदी प्रत तेवढी रद्दीत घातली होती. "कागदाचे दिवस गेले," असं तेव्हा ऐटीत म्हणालेही होते.

फाइल चुटकीसरशी सापडली. उघडली, तर पडद्यावर नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं.

"काका, हे सॉफ्टवेअर काढणारी कंपनी कधीच बुडाली," कॉम्प्युटर दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला. "आताच्या प्रोग्रामला ही फाइल वाचता येत नाही."

"अरे, पण फाइल शाबूत आहे ना?"

"कुलूप शाबूत आहे हो. किल्लीवाला गेला."

काकांनी फाइल परगावच्या लेकीला पाठवली आणि वाट बघत बसले. पण भाडेकरू वर आला. "काका, आता बादली उशाशी घेऊन झोपू का मी?" मागोमाग प्लंबर हातोडा घेऊन हजर. "ओल खोलीभर पसरलीय. कुठली भिंत फोडू, बोला."

"पाइप कपाटामागून गेलाय," काकू म्हणाल्या.

"नकाशा मी काढलाय की तू? ही डावीकडची फोड रे."

डावीकडच्या भिंतीवर लेकीच्या उंचीच्या खुणा होत्या, दर वाढदिवसाला पेन्सिलीने केलेल्या. लेक सासरी गेल्यापासून त्या भिंतीला रंगाचं बोट लावू दिलं नव्हतं ते काकांनीच.

"काका, या रेघा जातील बरं का."

काकांनी त्या खुणांवरून एकदा हात फिरवला. पण भाडेकरू समोर, बायको समोर, आणि बोललेला शब्द गिळायची सवय नाही. "जाऊ देत," ते म्हणाले.

गिलावा खाली आला. आत नुसत्या विटा. प्लंबरने आणखी फोडलं, आणखी विटा निघाल्या.

तेवढ्यात लेकीकडून नकाशाचा फोटो आला. तिच्या ओळखीत कुणाकडे तरी जुनं मशीन होतं, त्यावर फाइल उघडली होती. पाइपची रेघ सरळ कपाटामागून गेलेली, आणि शेजारी काकांचीच टीप: 'गृहिणीच्या हट्टामुळे पाइप इकडे हलवला.'

काकूंनी वाचलं आणि कपाट रिकामं करायला घेतलं. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं काकांना वाटलं.

पाइप जोडला गेला, दोन्ही भिंतींचा गिलावा वाळला. काकांनी पेन्सिलीने कपाटामागे 'पाइप इथून' असं मोठ्या अक्षरांत लिहिलं. मग डावीकडच्या कोऱ्या भिंतीपुढे ते नुसतेच उभे राहिले. वाईट वाटत होतं, फार वाईट.

"पहिल्या वाढदिवसाला पोर केवढी होती गं?"

काकूंनी क्षणभरही विचार न करता गुडघ्याच्या वर हात धरला. "एवढी. उभी राहत नव्हती, तुम्ही काखेत हात घालून धरली होतीत. खूण मी केली."

काका वाकले आणि भिंतीला पेन्सिल टेकवली.

"जरा खाली," काकू म्हणाल्या.

या वेळी काकांनी ऐकलं.