पुतळीच्या पोटातला संशय

घोडीच्या बाबतीत उदारामला कुणी काही शिकवायचं नाही, असा गावात नियम होता. नियम उदारामनंच केलेला होता. धानाची शेती गावात सगळ्यांचीच, पण वरातीची घोडी अर्जुनी मोरगावच्या त्या अंगाला एकट्या उदारामकडे. पांढरीशुभ्र, नाव पुतळी. निम्म्या गावाचे नवरदेव तिच्याच पाठीवरून मांडवात उतरलेले. पानठेल्यावर उभा राहून उदाराम सांगायचा, "घोडी बोलत नाई, पन मले सारं समजते."

आणि यंदा ऐन लग्नसराईच्या तोंडावर पुतळीनं असं काही सुरू केलं, की उदारामला काडीचं समजेना.

पुढ्यात भिजवलेला चणा ठेवला की ती दोन घास खायची आणि तोंड फिरवायची. उभ्या उभ्या दात करकरा खायची. मान वळवून स्वतःच्याच पोटाकडे बघत बसायची, जणू तिथं कुणी भाडेकरू येऊन राहिला आहे. खोगिराचा पट्टा आवळायला गेलं की चावायची. उदारामला ती जन्मात कधी चावली नव्हती. त्यानं ओवा चारून पाहिला, मीठमिरच्या ओवाळून पाहिल्या. पुतळीनं पुन्हा चावून पाहिलं.

"तुमचा कंटाळा आला असंन तिले," त्याची बायको शकुंतलाबाई म्हणाली. "मले समजते तिचं."

उदाराम हसला नाही. पुतळीला काही झालं तर, या विचारानंच त्याच्या घशाखाली भात उतरत नव्हता. शेवटी सगळा अभिमान गिळून त्यानं तालुक्याहून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. डॉक्टर प्रेरणा बिसेन वयानं लहान होत्या. त्यांनी पुतळीचं पोट ऐकलं, हिरड्या पाहिल्या आणि म्हणाल्या, "अल्सरचा संशय आहे. जठराला आतून जखमा झाल्या असाव्यात."

"संशय?" शकुंतलाबाई म्हणाली. "संशय मानसावर घेते बाई, मुक्या घोडीवर कायले घेता?"

"नक्की पाहायचं तर नाकातून लांब दुर्बीण घालावी लागते. ती इकडे नाही. म्हणून उपचार करायचे आणि फरक पडतो का बघायचं. तुम्ही हिला उपाशी ठेवता का?"

उदारामची छाती फुगली. "वरातीच्या आदल्या सांजेपासून तोंडाले काई लावू देत नाई! आमच्या बापापासूनची रीत आहे. मांडवाच्या दारातच लीद टाकली तर इज्जत कोनाची जाते?"

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "काका, घोड्याच्या पोटात आम्ल दिवसरात्र तयार होतं. खाल्लं तरी, नाही खाल्लं तरी. पोट रिकामं असलं की तेच आतून भाजतं. हिला उपाशी म्हणून ठेवायचं नाही. चारा सतत समोर हवा. दाणा कमी. वरातीला निघतानासुद्धा थोडा चारा खाऊनच निघायचं. आणि हे पिचकारीतलं औषध रोज सकाळी उपाशी पोटी द्या."

उदाराम गोंधळला. "आता तं म्हनल्या उपाशी ठेवू नोका."

"ठेवायचंच नाही. फक्त औषधापुरती उपाशी."

"म्हन्जे ठेवू का नोको?"

बाईंनी पुन्हा सांगितलं. उदारामनं मान डोलावली, म्हणजे त्याला अजिबात कळलं नव्हतं. शकुंतलाबाईला कळलं होतं, म्हणून औषधाचं काम तिनं स्वतःकडे घेतलं.

"आणि ती एकटी असते. घोडं हे कळपाचं जनावर, एकटं पडलं की झुरतं. दुसरा घोडा नसेल तर निदान एखादी बकरी बांधा सोबतीला," एवढं सांगून बाई गेल्या.

शकुंतलाबाईची टिकली नावाची बकरी गोठ्यात आली, आणि खरोखर पुतळी खायला लागली. दात खाणं थांबलं. चावणं फक्त उदारामपुरतं उरलं. पण एक नवीनच भानगड झाली. टिकली जरा नजरेआड गेली की पुतळी अशी खिंकाळायची, की अख्खी गल्ली दारात यायची. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "सध्या ताटातूट करू नका. जखम भरत आली असेल तर पुन्हा चिघळेल."

नेमकं तेव्हाच ओमेशचं लग्न आलं. किराणा दुकानवाल्या शालीकरामचा हा एकुलता एक मुलगा, नवरी देवरीकडची, आणि उदारामनं घोडीचा शब्द केव्हाच देऊन ठेवलेला. बाईंनी नाइलाजानं परवानगी दिली: वरात छोटी, आवाज कमी, चारा सोबत. उदारामनं मनाशी ठरवलं, लग्न कसंही होवो, पुतळीचं पोट सांभाळायचं. मग पिकअपमध्ये पुतळी चढली, पुतळीमागे टिकली चढली आणि टिकलीमागे गवताचा भारा.

नवरीच्या गावच्या वेशीवर शालीकरामनं बकरी पाहिली. "हे काऊन आनली बे?"

"औषध आहे," उदाराम म्हणाला. त्याच्या डोक्यात बाकी काही नव्हतंच.

वरात निघाली. पुढे टिकली, तिच्यामागे घोडीवर फेटा बांधलेला ओमेश, बाजूला खांद्यावर गवत घेतलेला उदाराम. डीजे सुरू झाला तशी पुतळीनं कान मागे पाडले. उदाराम धावत डीजेच्या गाडीपाशी गेला.

"आवाज कमी कर भाऊ. अल्सर आहे."

"किसको?"

"पोटात आहे. आवाजानं वाढते, डॉक्टरनं सांगतलं."

डीजेवाल्यानं घोडीवर बसलेल्या नवरदेवाकडे पाहिलं. "अरे बाप रे," म्हणत त्यानं आवाज उतरवला आणि शेजारच्या नाचणाऱ्याच्या कानात सांगितलं. नाचणाऱ्यानं पुढच्याला सांगितलं. वरात मांडवापाशी पोचायच्या आत बातमी पोचली: नवरदेवाच्या पोटात अल्सर आहे, दर थोड्या वेळानं खायला लागतं, आणि दुधासाठी बकरी सोबत घेऊनच फिरतात.

नवरीचे वडील मनिराम हात जोडून उभे होते. त्यांनी जोडलेले हात सोडले आणि व्याह्यांना गाठलं.

"इवाई, पोराले बिमारी आहे हे लपवलं काऊन?"

"कोनाले बिमारी?" शालीकराम म्हणाला.

"साऱ्या गावाले ठाऊक आहे, तुमालेच नाई?"

शालीकरामनं गर्रकन ओमेशकडे पाहिलं. आणि इथं ओमेशनं घात केला. लग्न लागेपर्यंत जेवायचं नाही म्हणून बिचारा सकाळपासून नुसत्या चहावर होता. डोळ्यांसमोर घोडी गवत चघळत होती आणि आतून तळल्याचा वास येत होता. तो पोटावर हात ठेवून कळवळून म्हणाला, "बाबा, लय जळजळ होऊन राहिली."

मनिरामांनी नवरीच्या मामाला बाजूला बोलावलं. बायका कुजबुजल्या. उदारामला काही कळेना. तो एवढंच म्हणाला, "मी सांगतलंच होतं, उपाशी ठेवू नोका म्हनून." त्यानं आगीत तेलच पडलं.

तेवढ्यात नवरीकडच्या एका समजूतदार माणसानं विचार केला, की मोठी माणसं भांडतायत तर निदान बकरी तरी दारातून हलवावी. त्यानं टिकलीचं दावं धरलं आणि तिला मागे, आचाऱ्याच्या पालापाशी नेऊन बांधलं.

पुतळीनं मान वर केली. टिकली नाही. खिंकाळी अशी निघाली की मनिरामांचं मुंडासं सरकलं. मग ती चालायला लागली. उदारामनं लगाम धरला, तर उदारामसकट चालली. मांडवाच्या दारातून आत, खुर्च्यांच्या मधून, बायकांच्या घोळक्यातून. ओमेश तिच्या मानेला मिठी मारून ओरडत होता, "काका, थांबवा ना हिले!" पाहुणे उठून उभे राहिले. काहींना वाटलं हीसुद्धा रीतच असेल, त्यांनी अक्षता टाकल्या. पुतळी सरळ पालात शिरली, टिकलीच्या अंगाला नाक लावलं, कोशिंबिरीसाठी ठेवलेली काकड्यांची परात मन लावून संपवली आणि तिथंच मनसोक्त लीद टाकली.

उदारामनं डोळे मिटले. दोन पिढ्यांची इज्जत गेली होती. पण पुतळी दात खात नव्हती, पोटाकडे बघत नव्हती. त्याला रडू आलं. "खाल्लन," तो म्हणाला, "पोटभर खाल्लन. बरी झाली माही बाई."

"म्हन्जे बिमार घोडी आहे?" मनिरामांनी विचारलं.

"मंग मी सकाळपासून काय सांगून राहिलो?"

ओमेशला खाली उतरवून दोन पुऱ्या खायला घातल्या आणि लग्न लागलं. पुढच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी पुतळीला तपासून शाबासकी दिली. अल्सर होताच का, असं उदारामनं विचारलं, तर म्हणाल्या, "फरक पडला म्हणजे असावा." उदाराम पुन्हा गोंधळला, पण पुतळी खात होती, त्याला तेवढं पुरे होतं.

मग एका दुपारी ओमेशची नवी नवरी, खुशी, उदारामच्या घरी आली. पदर सावरून हळूच म्हणाली, "काका, खरं सांगा, तो आजार ह्यांचाच आहे ना?"

"नाई वो बाई, घोडीचाच."

"तुमाले असंच सांगाले लावलं असंन. जाऊ द्या. घोडीले काय काय देत होते, तेवढं सांगा."

उदारामनं भोळेपणानं सगळं सांगितलं.

महिनाभरानं ओमेश तावातावानं दारात आला. "काका, तुमी काय सांगतलं तिले? सकाळी दवाखान्यातली गोळी उपाशीपोटी. मंग दिवसभर दुकानात समोर पालेभाजी न् फळं. भात अर्धा. चहा बंद. आन एकटं बसू देत नाई, कोनी ना कोनी बाजूले बसवूनच ठेवते!"

उदारामनं त्याला खालून वरपर्यंत निरखून पाहिलं, पुतळीला पाहायचा तसं.

"आन ते जळजळ?"

ओमेश घुटमळला. "ते... आता होत नाई."

"मंग बोंबलतं कायले?" उदाराम म्हणाला. "समोर ठेवलं ते मुकाट्यानं खाऊन घेजो."