झालेला धूर

आज घरांचे नकाशे काढून माझं पोट भरतं ते माणिकराव ढवळे, म्हणजे बारामतीचे आमचे तात्या, यांच्यामुळे. सणसरच्या आमच्या घरात मी पहिला पदवीधर. नोकरी मिळेना, तेव्हा तात्यांनी आपल्या घरबांधणीच्या ऑफिसात टेबल दिलं आणि काम शिकवलं; त्यावरच पुढे इंदापूरला नोकरी लागली.

तात्या कुठलीही इमारत बघितली की नाक मुरडून म्हणतात, "धूर!" सिमेंट भाजताना, सळई वितळवताना जो कार्बन हवेत जातो, त्याला हा त्यांचा शब्द. लग्नाला गेले तरी कार्यालयाचे खांब ठोकून बघतात. "एवढा जाड कशाला? नुसता धूर."

काटेवाडीत एकाच्या वास्तुशांतीला आम्ही गेलो होतो. मालकाने कौतुकाने पुढची काचेची भिंत दाखवली. तात्या म्हणाले, "राव, हे तर काचेचं हरितगृह झालं. हितं ढोबळी मिरची लावा. जोरात येईल." आम्ही न जेवता परतलो.

पण तात्यांचं स्वतःचं घर तरुणपणी बांधलेलं, सगळं काँक्रीट. त्यांच्या बायकोची, म्हणजे काकूंची, खोली मावळतीकडे, दुपारी भट्टी. गेल्या उन्हाळ्यात काकूंना दवाखान्यात न्यावं लागलं. या फेब्रुवारीअखेर पुण्याहून मुलगा महेश आला तो घर पाडायला जेसीबी घेऊनच. काकूंनी मला फोन केला.

मी पोचलो तेव्हा तात्या जेसीबीच्या पुढ्यात पायरीवर बसलेले.

"पाडायचं न्हाय. ह्या घराचा धूर कवाच झालाय. पाडून नवं बांधलं की परत धूर!"

"धुराचं काय घेऊन बसलाय? आई जाईल एखाद्या उन्हाळ्यात!" महेशचा आवाज चिरकला.

"साहेब, डिझेल जळतंय," ड्रायव्हर म्हणाला.

"बंद कर आधी तो!" तात्या ओरडले.

आतून काकू म्हणाल्या, "भांडा तुमी. मी हितं शिजतेय."

महेश माझ्याकडे वळला. "तुझं ऐकतील. सांग त्यांना."

तात्यांसमोर मी कधी मान वर केली नव्हती. मी पायरीशी जाऊन उभा राहिलो. "तात्या, घर राहू दे. पण काकूंची खोली अशी ठेवायची नाही. गच्चीवर बांबूचं दुसरं छप्पर घालू, मावळतीची खिडकी बुजवू."

महेशने जेसीबी परत पाठवला. "एप्रिलपर्यंत बघतो. खोली तापली, तर घर पाडणार."

तो गेल्यावर तात्या हळूच म्हणाले, "खिडकी बुजवू नकोस, बाळा. कालवा दिसावा म्हणून तिनं मागितली होती. लग्नानंतर तिनं मागितलेली ती एकच गोष्ट."

काम संपवून मी इंदापूरला नोकरीवर परतलो. तात्या मोबाईलवरचं वाचत नाहीत, म्हणून एप्रिलअखेर पत्र टाकलं:

"ती. तात्यांस सा. न. वि. वि.

महेशदादाचा फोन आला. परवा तो आला तेव्हा भर दुपारी आई त्याच खोलीत झोपली होती, जेसीबीवाल्याला नको म्हणून कळवलं, असं म्हणाला.

खिडकीबाहेरच्या बांबूच्या पट्ट्या खाली झुकवून बांधल्या आहेत. ऊन अडतं, पण बसलेल्या माणसाला कालवा दिसतो. मी बसून बघितलंय. पट्ट्या सरळ करू नका.

निघताना ऑफिसातली तुमची खुर्ची त्या खिडकीशी, काकूंच्या खुर्चीशेजारी ठेवून आलोय. परत नेऊ नका. संध्याकाळी बसत जा.

आपला,
विलास"