फ्रीजमधली डबी

कल्याणनं खुंटीकडे पाहिलं. शर्ट नव्हता. म्हणजे खिशातली डबीही नव्हती.

लग्नाला सहा वर्षं झाली होती. सुया, गोळ्या, सोनोग्राफी, सोमवार-शनिवारचे उपास, सगळं शीतलनंच सोसलं. आता नव्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदाच कल्याणकडे बोट दाखवलं. वीर्यातली एन्झाइमं आपलं काम नीट करतात का, ते बघू म्हणाल्या. लॅबच्या खोलीत त्याला काही जमेना. बाहेरून सारखं कोणीतरी दार वाजवायचं. म्हणून जाफराबादहून नवरा-बायको जालन्याला सर्जेरावमामांकडे उतरली. लॅब तिथून हाकेच्या अंतरावर. नमुना ताजा आणि अंगाच्या उबेत आणायचा, अशी ताकीद होती. आज कसंबसं जमलं. डबी खिशात घालून, शर्ट अडकवून तो हात-तोंड धुवायला गेला, तेवढ्यात हे.

“काय हुडकून राह्यला रे?” मामांनी पेपरातून डोकं काढलं.

“डबी. औषधाची.”

“कशाचं औषध?”

“पित्ताचं.”

मामा लगेच कंबर धरून पलंगाखाली वाकले. “गोळ्या हायत का पातळ?”

“पातळ,” कल्याण म्हणाला. शीतल तोंडाला पदर लावून भिंतीकडे बघत राहिली.

“ती होय?” आतून दुर्गाबाई मामी ओरडल्या. “शर्ट धुवायला घेतला तं खिशात सापडली. एवढ्या उन्हात नासलं असतं की! फ्रीजमधी ठेवली, दह्याजवळ.”

लॅबमधल्या मुलीनं डबी हातात घेतली आणि तशीच परत केली. “गार झालंय हे. याचा रिपोर्ट खरा येणार नाही. चार दिवसांनी पुन्हा आणा.”

कल्याण घरी येऊन भिंतीला टेकून बसला.

“पित्त कसं हाय रे?” मामींनी विचारलं.

शीतलचा संयम सुटला. “पित्त न्हाई मामी. सहा वर्षं माझ्याच तपासण्या चालू हायत. आज कुठं ह्यांची पाळी आल्ती, आन् तुम्ही ती फ्रीजमधी ठेवली!”

मामी उठल्या, फ्रीज उघडला, दह्याचं भांडं काढून मोरीत रिकामं केलं आणि पदराला हात पुसत परत आल्या.

“मंग आधी सांगायचं न्हाई का, येड्यांनो? ह्यांचंबी असंच न्यावं लागलं व्हतं औरंगाबादला. आपला मुकुल त्याच्यानंतरचा.”

मामांचा पेपर हळूहळू वर चढला आणि टक्कल झाकल्यावर थांबला. शीतलला हसू आवरेना. कितीतरी दिवसांनी ती अशी हसत होती.

कल्याण मात्र सरसावून बसला. “मामा, तवा एवढ्या लांब कशी नेल्ती?”

मामांनी पेपरामागं एक पान उलटलं, मग दुसरं.

“बगलेत धरून,” मामा शेवटी म्हणाले. “एसटीत. आन् वाटेत सोयरा जरी भेटला, तरी हात वर करून राम राम घालू नको.”