मायच्या डोळ्यांसाठी नवे फ्लॅश

नरडाण्याच्या प्रेमराजने स्टुडिओतले जुने फ्लॅश काढून नवे घ्यायचं ठरवलं, ते काही गिऱ्हाइकांसाठी नव्हे. (गिऱ्हाइकांची तक्रारच नव्हती. पासपोर्टच्या फोटोत आपण चांगले दिसू, अशी आशा नरडाण्यात कोणी बाळगत नाही.) त्याने ते घेतले मायच्या डोळ्यांसाठी.

माय म्हणजे त्याची आई, भागाबाई. तिचे डोळे मोठे, टपोरे. प्रेमराज आणि त्याचा थोरला भाऊ वना यांच्यावर तिने जन्मात हात उगारला नाही. नुसते डोळे वटारायची आणि दोघं सुतासारखे सरळ. मोतीबिंदू काढल्यापासून तर ते डोळे आणखी पाणीदार झाले होते. पण फोटोत ते अजून कोणी पाहिले नव्हते. स्वतःच्या लग्नात मिटलेले, दोन्ही मुलांच्या लग्नांत मिटलेले, बारशाच्या फोटोत मिटलेले आणि आधार कार्डावर अर्धे. पोटचा पोरगा फोटोग्राफर आणि आईचा एक धड फोटो नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं गावातली माणसं स्टुडिओत चहा पिता पिता प्रेमराजला ऐकवायची. चहा त्याचाच असायचा.

मायचं दुःख वेगळं होतं. ती म्हणायची, "मी मरसू तव्हय फोटोले हार घालशात. डोया मिटेल दखीसन लोके म्हनतीन, म्हातारी फोटोमा बी निजेल शे."

हे ती हसत म्हणायची, पण प्रेमराजला हसू यायचं नाही. रात्रंदिवस लोकांचे डोळे उघडे ठेवणारा तो माणूस, आणि ज्या डोळ्यांच्या धाकात आपण वाढलो ते आपल्याकडे राहणार नाहीत, हेच त्याला खुपायचं.

दोष जुन्या फ्लॅशचा होता. दर फोटोनंतर ते परत चार्ज होताना 'कुईं' करून बारीक ओरडत. तो आवाज आला की आता भडका उडणार हे मायला कळे आणि सुई टोचण्याआधी माणूस मिटतो तसे ती डोळे मिटून घेई. म्हणून प्रेमराज जळगावला जाऊन वायर नसलेले, कॅमेऱ्यावरच्या डबीतून चालणारे नवे फ्लॅश घेऊन आला. दुकानदाराने त्यांची सगळी बटणं समजावून सांगितली. प्रेमराज प्रत्येक वाक्याला मान डोलवत होता. (इतकी वर्षं धंदा केल्यावर 'समजलं नाही' असं कसं म्हणणार?) त्याने एकच प्रश्न विचारला, "आवाज तर नाही ना करत?"

"बीप येतो. बटण दाबलं की बंद."

एवढं त्याला समजलं. तेवढंच समजलं.

मुहूर्त ठरला कानबाईचा. श्रावणात रविवारी घरात कानबाई बसते, तिच्या नैवेद्याचे रोट होतात, भाऊबंद झाडून सगळे जमतात आणि सोमवारी सकाळी बायका देवीला डोक्यावर घेऊन विसर्जनासाठी पाण्याकडे निघतात. एकटीचा फोटो काढायला माय कधीच तयार नसे. पण कानबाईशेजारी सगळ्या गोतावळ्यात बसायला तिची ना नव्हती. वनाभाऊ सुरतेहून आला होता, तोही दुपारच्या गाडीने परत जाणार होता. म्हणजे फोटो काढायचा तो सोमवारी सकाळी, कानबाई उठायच्या आत. नाहीतर थेट पुढचा श्रावण, आणि मायच्या वयाला पुढचा श्रावण कोणी गृहीत धरावा?

सकाळी प्रेमराजने ओसरीवर दोन्ही बाजूंना दोन फ्लॅश उभे केले, त्यांना मोठाले पांढरे खोके लावले. सगळे दाटीवाटीने बसले. मध्ये चौरंगावर नथ घातलेली, डोळे रेखलेली नारळाची कानबाई आणि तिला खेटून नवी नऊवारी नेसलेली माय.

प्रेमराजने फ्लॅश सुरू केले. 'टीं!'

मायने डोळे मिटले.

प्रेमराजने घाईघाईने बटण शोधलं आणि दाबलं. एकदा दाबून समाधान होईना म्हणून पुन्हा दाबलं, दुसऱ्या फ्लॅशवरही तसंच केलं. आवाज बंद झाला आणि दोन्हींच्या पडद्यावर एक छोटासा डोळा उमटला. प्रेमराजला भरून आलं. मायच्या डोळ्यांसाठी आणलेल्या लाईटवर डोळ्याचंच चित्र, याहून मोठा शकुन कोणता?

(ती खूण वेगळीच होती. आता डबीचं ऐकणार नाही, दुसऱ्या कोणाचा फ्लॅश दिसला की मीही पेटेन, असं फ्लॅश सांगत होता. दुकानदाराने हे समजावलं होतं. प्रेमराजने तिथेही मान डोलवली होती.)

"इकडे बघा," प्रेमराज म्हणाला आणि बटण दाबलं. लख्ख काहीच झालं नाही. फोटो काळाकुट्ट.

त्याने डबी काढून परत बसवली आणि पुन्हा दाबलं. परत अमावस्या.

वनाभाऊची मुलगी डिंपल धुळ्याला कॉलेजात होती. बापाच्या कपाटातला जुना डबडा डिजिटल कॅमेरा तिने शोधून काढला होता, कारण कॉलेजात सध्या त्याचीच फॅशन आहे. (प्रेमराजने तसलेच दोन भंगारात दिले होते.) ती समोरच्या पायरीवर बसून प्रेमराजचाच फोटो काढत होती. तिने बटण दाबलं, डबड्याचा इवलासा फ्लॅश लुकलुकला आणि दोन्ही नवे फ्लॅश असे कडाडले की अख्खी ओसरी पांढरी झाली.

"पेटले!" वनाभाऊ म्हणाला.

"मी दाबलंच नाही," प्रेमराज म्हणाला.

"मग कोणी दाबलं?"

चुलती वच्छलाबाईंनी कानबाईपुढे हात जोडले. "कानबाईले फोटो मान्य नही शे, प्रेमराज. राहू दे."

"काकू, देवीचं काही नाही. लूज कनेक्शन आहे."

"याले वायरच नही, आन लूज काय व्हई?"

प्रेमराजने डबी शर्टाला पुसून पाहिली. त्याने पुन्हा दाबलं, अंधार. बाहेर वाजंत्री सुरू झाली. बसल्या जागी बायकांची चुळबुळ सुरू झाली. ज्योती, म्हणजे त्याची बायको (स्टुडिओला तिचंच नाव आहे, म्हणून तिला स्टुडिओविरुद्ध बोलता येत नाही), एवढंच म्हणाली, "जुने फ्लॅश निदान माणसाचं ऐकत तरी होते."

कॅमेरा ठेवून प्रेमराज जवळच्या फ्लॅशला थापडा मारून आला आणि माणसांच्या मागून वाट काढत दुसऱ्याकडे जाता जाता, मायच्या पाठीशीच थांबून त्याला शिव्या देऊ लागला. देवीसमोर.

माय गर्रकन त्याच्याकडे वळली. मग समोर बघून, सगळ्या गोताला ऐकू जाईल असं कडाडली, "सकायपासून तोंडमा घास नही, आन लाईटले शिव्या देस? कानबाई वाट दखी राहिनी!"

तेवढ्यात पुन्हा एकदा ओसरी उजळली. प्रेमराज दचकला. मग कानबाई उठली, बायका गाणी म्हणत निघाल्या, आणि फोटो राहिला.

दुपारी तो पानावर बसला, पण घास उतरेना. फ्लॅशची त्याला पर्वा नव्हती. माय रांगोळीवरून पाय सांभाळत आत जाताना दिसली आणि पुढच्या श्रावणाचा विचार येऊन त्याचे डोळे भरले.

"काका, हे बघा ना," डिंपलने डबडा कॅमेरा पुढे केला. "तुमच्या लाईटमुळे माझा फोटो भारी आलाय."

छोट्या पडद्यावर सगळा गोतावळा बसला होता. दोन्ही बाजूंनी मऊ, सारखा उजेड. नथीतली कानबाई, आणि तिच्याशेजारी माय: ताठ मानेची, तोंड किंचित उघडं आणि डोळे... ते डोळे बघून प्रेमराज या वयातही ताटावर सरळ बसला.

तेव्हा कुठे त्याला फ्लॅशचं कोडं उलगडलं. पण त्याचं त्याला काही वाटलं नाही. त्याने हुश्श केलं, डिंपलच्या डोक्यावरून हात फिरवला आणि वर आणखी रोट मागून घेतले. छातीवरचा धोंडा उतरला होता.

फोटो मोठा करून, फ्रेम लावून त्याने मायच्या हातात दिला. मायने चष्मा लावून बराच वेळ स्वतःला पाहिलं. चेहरा समाधानाने उजळला. मग तिची नजर मागे गेली. तिच्या खांद्यामागे, उजेडात न्हालेला प्रेमराज उभा होता: मान एका बाजूला कललेली, तोंड वासलेलं, दोन्ही डोळे घट्ट मिटलेले.

"माय, ते मी कॉम्प्युटरवर नीट करतो," तो घाईने म्हणाला.

"मना फोटोले हात लावू नको," माय म्हणाली. मग एकदा फोटोकडे, एकदा पोराकडे बघत तिने काळजीने विचारलं, "मना डोया उघडा शेतस, तुना मिटेल शेतस. आते हार कोनले घालाना?"